सोमलाचा धूर

करडीहाळच्या माळावर एक तुकडा असा होता, की तिथं बाभळसुद्धा उगवत नव्हती. मेंढरं त्या बाजूला वळली की बिराप्पा धनगर शीळ घालून त्यांना माघारी फिरवायचा. आम्रपालीनं पहिल्याच दिवशी कारण विचारलं, तर तो म्हणाला, "आमचा आजा फिरवायचा. त्याची मेंढरं मेली हुती म्हणं हितं."

आम्रपाली साताऱ्याची. वडील एमआयडीसीत फिटर, ती भूगर्भशास्त्र शिकून एका खाजगी कंपनीत लागलेली. कंपनीनं तिला जत तालुक्याच्या या टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ, सोनं शोधायला पाठवलं होतं. सातारा-सांगलीत बहुतेक ठिकाणी कितीही खोल गेलं तरी काळा पाषाणच लागतो. इथं मात्र त्याचा थर पातळ होता आणि ओढ्यानं तो कापून खालचा फार जुना खडक उघडा पाडला होता. त्यात पांढऱ्या गारगोटीची हातभर रुंदीची शीर होती. शंभरएक वर्षांपूर्वी एका इंग्रज कंपनीनं त्या शिरेमागं उभा खड्डा खणला, दगडाचा ढीग बाहेर काढला आणि एक दिवस सगळं सोडून निघून गेली. पुढं सत्तरच्या दशकात सरकारी माणसांनी भोकं पाडून बघितली. तीही गेली.

कॅम्पवर राखणीला सयाजी होता. फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेला, सरळ पाठीचा, कामाला चोख माणूस. आम्रपालीनं हातोडीनं गारगोटीच्या कडेचा चंदेरी दगड फोडला तेव्हा तो शेजारीच उभा होता. ठिणगी उडाली आणि लसणाचा उग्र वास आला.

"ह्यो कसला वास, मॅडम?"

"यात सोमल आहे, काका, आर्सेनिक. विष. सोनं आहे तेही याच दगडाच्या पोटात अडकलंय. नुसतं कुटून सुटत नाही. इंग्रज भाजायचे तो. त्या धुरानंच माळाचा तो तुकडा असा उजाड झालाय."

तिनं त्याला भिंगातून एक कण दाखवला. सयाजी बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसला. मग हळूच म्हणाला, "तीन-तीन येळा लोक आलं. काय नसतं, तर आलं असतं व्हय?"

"आहे, पण थोडं आहे. आणि खाली शीर संपते."

त्यानं मान हलवली. पटल्यासारखी नव्हती ती.

ड्रिलिंगनं तिचंच म्हणणं खरं ठरवलं. खोलीवर शीर दोऱ्यासारखी बारीक होऊन विरून गेली. कंपनीनं गाशा गुंडाळला आणि आम्रपाली साताऱ्याच्या ऑफिसात परतली.

दिवाळीनंतर तिला चंद्राबाईंचा, सयाजीच्या बायकोचा, फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "पोरी, एकदा येऊन जा गं. ह्यास्नी कुणी काय सांगितलं तर ऐकत न्हाईत. तुजं ऐकतील."

"काय झालंय, काकू?"

"माजं पाय मेल्यागत झाल्यात. आन् ह्यांचं रात्रंदिस त्या पत्र्याच्या खोलीत चाललंय."

दुसऱ्या दिवशी जीप घेऊन ती पोचली. अंगणात पाऊल टाकताच तिला तोच लसणाचा वास आला. स्वयंपाकाचा असेल असं क्षणभर तिनं मनाला सांगून बघितलं. पण चूल थंड होती. चंद्राबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तळहातावर जागोजाग घट्टे आलेले, मानेवर काळसर ठिपके.

आम्रपालीनं तोंडाला ओढणी बांधली आणि पत्र्याच्या खोलीचं दार ढकललं. मधे विटांची भट्टी, कोपऱ्यात जुन्या ढिगाऱ्यावरचा दगड पोत्यात भरलेला. छताच्या कैच्यांवर, खिडकीच्या गजांवर, सगळीकडं पीठ सांडल्यासारखी पांढरी भुकटी बसली होती. सयाजी भट्टीपाशी होता. पूर्वीची सरळ पाठ वाकली होती.

"बाहेर या. आधी बाहेर या!"

तो आला. पाय ओढत आला, पण चेहरा खुललेला होता. खिशातून त्यानं कागदाची पुडी काढली. "बगा तरी. भाजला, कुटला, धुतला, टाकणखार घालून आटवला." पुडीत मोहरीएवढा मणी होता. सोन्याचाच होता.

"ती पांढरी भुकटी सोमल आहे, काका. काकूंच्या अंगात गेलाय. तुमच्याही. मी सांगितलं होतं ना विष आहे म्हणून?"

"तुमी म्हनला, इंग्रज भाजायचं."

तेवढंच ऐकून घेतलं होतं त्यानं.

"तुमाला कंपनीनं धाडलंय," तो एकदम म्हणाला. "आमी काडलं की परत यायचं हाय त्यास्नी."

चंद्राबाई मधेच कळवळून म्हणाल्या, "आवं, ती माझ्यासाठनं आलीया. मला चालाय येत न्हाई, दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

सयाजीनं पुडी परत खिशात घातली. बायकोला जीपमध्ये बसवायला त्यानंच हात दिला. तुम्हीही मिरजेच्या दवाखान्यात चला म्हणून आम्रपालीनं हातापाया पडून बघितलं. घर उघडं टाकून येत नाही, म्हणाला. भट्टी पेटवणार नाही, असा शब्द मात्र दिला. निघताना तिनं बिराप्पाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि वाटेतनंच तहसील कार्यालयात फोन केला. उद्या माणसं येऊन खोलीला सील ठोकतील, असं उत्तर आलं.

ही बातमी गावात संध्याकाळच्या आत पोचली. सील ठोकणार म्हटल्यावर सयाजीनं उरलेली सगळी पोती सकाळी एकदमच भट्टीत घातली. धूर कुणाला दिसू नये म्हणून खिडकीला पोतं लावलं आणि दार आतून लावून घेतलं. बिराप्पाला दाराखालून पांढरा धूर सरपटत बाहेर येताना दिसला. त्यानं हाका मारल्या, मग पहार आणून दार उचकटलं. सयाजी भट्टीकडं तोंड करून पडला होता. खोकायचंही त्राण उरलं नव्हतं, डोळे उघडे होते. जतपर्यंत न्यायच्या आतच तो गेला.

मयतामुळं सील ठोकायचं आठवडाभर लांबलं. आम्रपाली सील ठोकणाऱ्यांबरोबर माळावर गेली तेव्हा तिला दुसरीच गोष्ट दिसली. इंग्रजांच्या वेळचा ढीग निम्मा झाला होता. ट्रॅक्टरच्या चाकांच्या ताज्या खुणा वस्त्यांकडं गेलेल्या. एकट्या सयाजीनं एवढा दगड नेला नव्हता. मयताला आलेल्या माणसांनी तो मणी पाहिला होता. हातोहात फिरला होता तो.

ती घरोघर गेली. "आमच्यात काय न्हाई, मॅडम," असं प्रत्येक जण सांगत होता आणि गोठ्याचं दार ओढून घेत होता.

शेवटी चंद्राबाईच आल्या. दवाखान्यातनं सुटून माहेरी आष्ट्याला गेल्या होत्या, तिथनं भावाच्या गाडीत बसून. काठी टेकत त्या एकेका अंगणात उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. फक्त दोन्ही तळहात उघडून धरले. "बगा. ह्ये बगा नीट. तुमच्या बायकांचं असंच हुनार."

काहींनी पोती आणून रस्त्यावर ठेवली. काही जण तसेच उभे राहिले, गोठ्याच्या दाराला पाठ लावून. त्यातल्या एकानं, चंद्राबाई पुढच्या घराकडं वळल्यावर, आम्रपालीला बाजूला घेऊन अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, दार उगडं ठिवून भाजलं, तर?"