वच्छलेची मोट

आमच्या मळ्यातली वच्छला मोट हाकायला लागली, तेव्हा अमरावतीच्या अर्ध्या माळीआळीने तोंडात बोटं घातली आणि उरलेल्या अर्ध्या आळीने नाकं मुरडली. मी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. मळा माझा, पोर मी हाताशी घेतलेली; नाकं ज्याची त्याची.

ती कापसाची वर्षं होती. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याला बघावं तो कापूस पेरत सुटला. ज्वारी महागली, भाजी दिसेनाशी झाली. सूत कातून पोट भरणाऱ्यांना तर कातायला कापूसच परवडेना. वच्छला, सुभद्रा आणि सत्यवती तशाच घरच्या पोरी. चरखे अडगळीत पडले होते आणि या दारोदार काम मागत फिरत होत्या.

ओंजळभर ज्वारी पदरात टाकून मोकळं होणं मला कधी जमलं नाही. मी त्यांना विहिरीलगतचा तुकडा वाट्याने दिला. बी माझं, कष्ट त्यांचे, माल अर्धा अर्धा. लोक म्हणाले, चरखा फिरवणाऱ्या हातांना मळा काय कळणार? न कळायला काय झालं? वाफे कसे बांधायचे, वांग्याचं रोप कधी लावायचं, पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात कसं वळवायचं, सगळं शिकवलं. चुकल्या की बोलले, आणि बोलून झाल्यावर पुन्हा दाखवलं. माघात त्यांची मेथी बाजारात सगळ्यांच्या आधी संपायची. सुभद्रा तर गिऱ्हाइकाला अशी गुंडाळायची की मीच तिच्याकडून जुडी घेऊन घरी आले असते.

फाल्गुनात माझ्या मोटेवरचा गडी पुंजाराम कापसाच्या गाड्यांवर निघून गेला. घरधनी आमची गाडी घेऊन आधीच खामगावच्या कापूसबाजाराच्या वाटेला लागले होते. आळीतला जो तो पुरुष तिकडेच धावत होता. वांगी फुलावर आलेली, पाणी विहिरीत खोल, आणि मोट हाकायला कोणी नाही.

"मावशी, मी हाकते," वच्छला म्हणाली.

मोटेचे बैल ज्या उतारावरून खाली-वर करतात त्याला आम्ही धाव म्हणतो. धावेवर बाईने पाऊल ठेवलं की विहीर आटते, अशी आमच्याकडची पक्की समजूत. पुरुषाने मोट हाकायची, बाईने वाफ्यात पाणी वळवायचं. खोटं कशाला सांगू, मीही ती मानत आले होते. मग वांग्याच्या फुलांकडे बघितलं आणि म्हटलं, "हाक."

दुपारच्या आत किसनराव हजर. हे घरधन्यांचे चुलतभाऊ. विहीर दोघांच्या सामाईकीची, पलीकडच्या अंगाला त्यांची मोट, त्यांचा मळा.

"काहून वं पार्बता, विहीर बुडवून राहिली का तू?"

"भाऊजी, विहीर दर उन्हाळ्यात खाली जाते. तवा कोन बाई चढली होती धावेवर?"

"मले शिकवू नको. अखजीच्या आत विहीर आटली, तर या पोरी मळ्यात दिसल्या नाई पायजे."

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐन उन्हाळा. मी उत्तर द्यायच्या आत वच्छला पुढे आली. "कबूल हाये, बाबाजी. आटली तर आमी तिघीबी जातो."

मला तिचा राग आला. अशी घाई करतं का कोणी? पण शब्द गेला होता. आता तिघींचं पोट त्या विहिरीतल्या पाण्यावर होतं.

आणि पहिल्याच दिवशी बैल अडले. धाव उतरून भरली मोट वर ओढायचे, पण मागे सरकत पुन्हा विहिरीशी यायला तयार नाहीत. वच्छलेने चुचकारलं, ओढलं, शेवटी रडकुंडीला आली. मग माझ्या ध्यानात आलं. पुंजाराम मोटेवर गाणं म्हणायचा, आणि त्याच्या गाण्याचा शेवट लांबला की बैल मागे सरकायचे. त्यांना गाणं हवं होतं. वच्छलेला मोटेचं गाणं कुठून येणार? तिला येत होत्या दळणाच्या ओव्या. तिने त्यांतलीच एक सुरू केली.

"काळ्या मातीत माझं रोप, पानी पिऊन झालं दाट,
मायबाई पाहत ऱ्हायली, भरल्या टोपलीची वाट..."

बैल ढिम्म. पलीकडे किसनरावांचा गडी पोट धरून हसला. ती म्हणतच राहिली. रोज तीच ओवी, तोच लांबवलेला शेवट, आणि प्रत्येक शेवटाला कासऱ्याचा हलका हिसका. तोवर दर खेपेला सुभद्रा पुढून रेटून बैलांना मागे आणायची. होळी झाली. नंतर एका सकाळी तिने शेवट लांबवला आणि बैल आपणहून मागे सरकले. सत्यवती वाफ्यात उभी होती, तिने पाण्यातच उड्या मारल्या.

चैत्र तापला. विहीर रोज जराशी खाली जायची आणि माझा जीव तिच्याबरोबर. पोरींनी वाफ्यांवर पाला अंथरला, पाणी सकाळीच द्यायचं ठरवलं, पाटाची भोकं चिखलाने बुजवली. एक मोट फुकट जाऊ दिली नाही.

अशात किसनरावांचा हसणारा गडीही गाड्यांवर गेला. त्यांचा मुलगा तर आधीच तिकडे गेलेला. स्वतः मोट हाकायला कंबर साथ देईना. त्यांच्या मिरच्या माना टाकू लागल्या.

अखजीच्या सकाळी ते विहिरीवर आले आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. तळाशी पाणी चमकत होतं. वर डाव्या हाताला पोरींची वांगी लगडलेली, उजव्या हाताला त्यांच्या मिरच्या वाळलेल्या. मी टोमणा मारायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं.

"पोरी," ते वच्छलेला म्हणाले, "माहीबी मोट हाकशीन का?"

मला वाटलं, आता ही हो म्हणेल. कोणीही म्हटलं असतं.

"मी नाई हाकत, बाबाजी," ती म्हणाली. "माहा मळा कोरडा राह्यते मग. तुमच्या सुनेले पाठवा. शिकवीन तिले."

किसनराव मागे वळले आणि घराच्या दिशेने हाक मारली, "रुख्मिणी!"

रुख्मिणी पदर सावरत आली. वच्छलेने तिचा हात धरून तिला धावेवर घेतलं, मोटेच्या दोरावर, म्हणजे नाड्यावर बसवलं, कासरा हातात दिला. उतरताना ती एकदा घाबरून ओरडली, दुसऱ्यांदा हसली. मोट वर आली आणि पाणी पाटाला लागलं. ते वळवायला वाफ्यात कोणी नव्हतं. किसनरावांनी इकडे तिकडे पाहिलं, धोतर खोचलं, कुदळ उचलली आणि मिरच्यांमध्ये उतरले.

आळीतल्या बाया कुंपणाशी जमल्या होत्या. त्यांतली एक दबक्या आवाजात विचारत होती, मलाही शिकवील का ती? मी म्हटलं, तिलाच विचार.