गुरुवारची पाच नंबर

डाव्या हाताने चेंडू आपटत तैमी पुढे आली, डावीकडे एक लांब पाऊल टाकलं, आणि मग स्वतःलाही न विचारता उजवीकडे वळली. समोर कप्तान ब्रिन होती, पण ती डावी बाजू अडवून भिंतीसारखी उभी. उजवीकडे मोकळं रान! दोन ढांगांत तैमी रिंगखाली पोचली आणि तिने चेंडू इतका अलगद आत सोडला, की जाळीने नुसता सुस्कारा टाकला.

शिट्टी वाजली. छपरावरचा बर्फ घसरेल एवढ्या जोरात.

"हे काय होतं?" कोच मार्लिस कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"बास्केट होतं, कोच."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कोच हसल्या नाहीत.

"पाच नंबर उजवीकडे जात नाही, तैमी. तीन वर्षं, सत्तर सामने. मी सगळे पाहिलेत. माझ्या नवऱ्यानेही पाहिलेत, बिचारा आता तिला चालीवरून ओळखतो. एकदाही नाही."

"पण ब्रिनने डावीकडे असं कोंडून ठेवलं, तर कधीतरी ती..."

"कधीतरी तैमी कंगास जाईल. पाच नंबर जाणार नाही. आत्ता तू कोण आहेस?"

तैमीने मान खाली घालून छातीकडे पाहिलं. सरावाच्या पिवळ्या बनियनवर पांढऱ्या चिकटपट्टीचा वाकडातिकडा आकडा होता.

"पाच नंबर," ती म्हणाली.

"मग पाच नंबरसारखी खेळ. पुन्हा!"

कॉपर बे कॉलेजच्या मुलींच्या संघात तैमीला येऊन नऊ आठवडे झाले होते, आणि या नऊ आठवड्यांत ती आठ वेगवेगळ्या मुली होऊन बसली होती. शुक्रवार-शनिवारचे सामने जवळ आले, की ज्यांच्याशी गाठ पडायची त्यांच्यासारखं खेळून दाखवायला बाकावरच्या पाच जणींचा एक नकली संघ उभा राहायचा, आणि समोरच्यांची सगळ्यात भारी खेळाडू कोण व्हायचं, तर तैमी. एका आठवड्यात ती लांबून फेकणारी होती, एका आठवड्यात कोपरं मारणारी, आणि या आठवड्यात शनिवारच्या पाहुण्यांची डावखुरी पाच नंबर. कोपरांचा आठवडा ब्रिनच्या बरगड्या अजून विसरल्या नव्हत्या. मुली तिला लाडाने डुप्लिकेट म्हणायच्या. तिच्या खऱ्या, एकतीस नंबरच्या गणवेशाची घडी मात्र सामन्यात कधी मोडली नव्हती. एक मिनिटही नाही.

आणि या शनिवारी बाबा येणार होता. पहिल्यांदाच.

बाबा म्हणजे वेस कंगास. हायवेवरचा बर्फ काढणारी नारिंगी गाडी चालवायचा. कॉपर बेमध्ये नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ पडतो, आणि तैमीचं ठाम मत होतं, की तो मुद्दाम घरच्या सामन्यांचं वेळापत्रक बघून पडतो. त्यामुळे बाबाला कधी जमलंच नव्हतं. तो फोनवर विचारायचा, "कसा झाला खेळ?" आणि ती म्हणायची, "मस्त! जिंकलो!" यात खोटं काहीच नव्हतं. पण 'तू कशी खेळलीस' हे त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि तिने कधी सांगितलं नव्हतं.

बुधवारी ती घरी जेवायला गेली होती. आईने पास्टी केल्या होत्या. खाणीतली माणसं पूर्वी डब्यात न्यायची तसल्या, मांस-बटाटा भरलेल्या, हाताएवढ्या जाड करंज्या. तैमी डाव्या हाताने खायला लागली आणि निम्मं सारण मांडीवर पडलं.

"हाताला काय झालं?" बाबाने विचारलं.

"काही नाही. आठवडाभर मी डावखुरी आहे."

"बरं," बाबा म्हणाला, आणि त्याने केचपची बाटली तिच्या डावीकडे सरकवली. "शनिवारी सुट्टी टाकलीय मी. नवा शर्ट घालू की जुना?"

"बाबा! सामना आहे, लग्न नाही."

"म्हणजे नवा," बाबा म्हणाला.

शुक्रवारचा, दुसऱ्याच एका संघाशी असलेला सामना त्या जिंकल्या, सात गुणांनी. तैमी टाळ्या वाजवून वाजवून लाल झाली. शेवटची दोन मिनिटं तिने कोचकडे इतकं टक लावून पाहिलं, की कोचनी एकदा मानेवरून हात फिरवला. बोलावलं मात्र नाही.

शनिवारी सकाळी खिडकी उघडायला गेली तर उघडेना. बाहेर दीड फूट बर्फ. फोनवर आईचा निरोप आला होता, 'बाबाला कामावर बोलावलंय. हायवे बंद आहे. मी येते.'

तैमी पलंगाच्या कडेवर बसली. आधी तिला रडू आलं, मग हळूच छातीतलं काहीतरी सैल झालं. बाकावर बसलेली तिला आता तो बघणार नव्हता. हे लक्षात आल्यावर मात्र ती इतकी खजील झाली, की तिने दोन्ही पायमोजे उलटे घातले.

दुपारी दोनला व्हायचा सामना चारवर गेला. पाहुण्यांची बस साठ मैलांवर एका पेट्रोल पंपावर अडकली होती. हॉलमध्ये तोवर गाव जमलं होतं. जाडजूड कोट, लोकरी टोप्या, थर्मास. आई तिसऱ्या रांगेत बसली होती आणि शेजारच्या खुर्चीवर तिने उगीचच पर्स ठेवली होती.

"येणार नाहीत आता," ब्रिन घोट्याला पट्टी बांधत म्हणाली. "तुझ्या पाच नंबरला पेट्रोल पंपावरच नाच म्हणावं."

"माझी कशी? तुला अडवायची आहे ती."

"आठवडाभर तुलाच तर अडवतेय, बये. झोपेतसुद्धा मी डावीकडे सरकते. काल पलंगावरून पडले."

साडेतीनला बाहेर हॉर्न वाजला. बस आली होती! दारातून बर्फ झटकत मुली आत शिरल्या, आणि त्यांच्यात ती होती. खरी पाच नंबर. तैमीला विचित्रच वाटलं. स्वतःचा फोटो समोरून चालत यावा तसं. ती टोपी काढत होती, डाव्या हाताने. तैमीने नकळत आपल्या डोक्यावर हात नेला, तोही डावाच.

पहिले तीन भाग कोचच्या वहीत लिहिल्यासारखे झाले. पाच नंबर डावीकडे आली की ब्रिन तिथे. थांबली की ब्रिन तिथे. मागे वळली की ब्रिन तिथे. हॉल नुसता गर्जत होता. शेवटच्या दहा मिनिटांना सुरुवात झाली तेव्हा कॉपर बे नऊ गुणांनी पुढे होती, आणि तिसऱ्या रांगेतली आई थर्मासचं झाकण उघडून शेजाऱ्यांना कॉफी वाटायला लागली होती.

तैमी मात्र टाळ्या वाजवायची थांबली. पाच नंबरने गुडघ्यांवर हात टेकले होते आणि ती उजवीकडच्या मोकळ्या फरशीकडे बघत होती. ती नजर तैमीने ओळखली. आतून ओळखली.

पुढच्या खेपेला पाच नंबरने डावीकडे लांब पाऊल टाकलं आणि उजवीकडे गेली. बास्केट.

कोचनी वही उघडली आणि मिटली. पुन्हा उजवीकडे. पुन्हा बास्केट. आठवडाभर डावीकडे धावायला शिकलेले ब्रिनचे पाय वळायला तयारच नव्हते. वेड्यासारखी ती मागून पोचायची आणि हात मारून बसायची. शेवटी एका खेपेला तिचा पाचवा फाउल झाला. पाच फाउल म्हणजे बाहेर. पाच नंबरने मिळालेल्या दोन्ही फेका आत टाकल्या.

एकसष्ट-साठ. कॉपर बे एकाच गुणाने पुढे. एक्केचाळीस सेकंद बाकी.

कोच बाकाकडे वळल्या. पहिल्या मुलीवरून त्यांची नजर गेली, दुसरीवरून गेली, आणि शेवटून दुसऱ्या खुर्चीवर थांबली.

"तैमी. ती आता कुठे जाईल?"

"उजवीकडे."

"नक्की? डावीकडे तिची तीन वर्षांची सवय आहे."

"आता नाही थांबणार ती, कोच. तिकडे फार मजा येते."

कोचनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग नुसतं बोटाने कोर्ट दाखवलं.

लाऊडस्पीकरवर नाव आलं. तैमीला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. बाहेर येणाऱ्या ब्रिनने तिच्या पाठीत धपाटा घातला. "जा गं डुप्लिकेट! तुला तूच अडव आता!"

कॉपर बेची फेक रिंगच्या कडेवर दोनदा नाचून बाहेर पडली. चेंडू पाहुण्यांकडे. अकरा सेकंद. पाच नंबर चेंडू आपटत तैमीसमोर आली, आणि पहिल्यांदाच त्या दोघींची नजरानजर झाली. डावीकडे लांब पाऊल पडलं. सगळा हॉल डावीकडे झुकला. तैमी तिच्याबरोबर झुकली नाही. ती उजव्या बाजूच्या रिकाम्या जागेत गेली, पाय रोवले, हात छातीशी घेतले आणि थांबली. नुसती उभी राहिली. आठ मुली होऊन झाल्यावर, आपली आपण.

धडक बसली तेव्हा फुफ्फुसातली सगळी हवा एकदम बाहेर गेली. ती पाठीवर सरपटत पार भिंतीजवळ पोचली. तिथून जग उलटं दिसत होतं. उलटे दिवे, उलटी माणसं, आणि उलट्या दारात एक उलटा नारिंगी कोट, खांद्यांवर बर्फ साचलेला.

मग शिट्टी. पंचांनी एक हात डोक्यामागे नेला आणि दुसऱ्याने समोरची बाजू दाखवली. चूक धडक मारणारीची. चेंडू कॉपर बेचा. चार सेकंद उरले होते, आणि ते कुणी मोजलेच नाहीत. गावाने केव्हाच कोर्टवर उडी मारली होती.

हात मिळवायच्या रांगेत पाच नंबर तिच्यासमोर येऊन थांबली. मागच्या मुली तिच्यावर आदळल्या.

"मी इमानी."

"माहीत आहे," तैमी म्हणाली, आणि जीभ चावली.

"ऐक ना. मी आयुष्यात कधी सामन्यात उजवीकडे गेले नव्हते. आजच सुचलं. आणि तू आधीच तिथे जाऊन उभी! तुला कसं कळलं?"

"मी गुरुवारी गेले होते," तैमी म्हणाली. "ओरडा खाल्ला."

इमानी मान मागे टाकून इतकी खळखळून हसली, की हरलेल्यांतली ही आहे असं कुणाला वाटलं नसतं.

कोच वही काखेत मारून जवळून गेल्या. चार पावलं पुढे जाऊन परत आल्या.

"सोमवारपासून तू बावीस नंबर. उंच आहे, सावकाश वळते. सगळे सामने बघून ठेव."

"हो, कोच."

"आणि तिला अजून जे सुचलेलं नाही, तेही."

बाबा दाराशीच उभा होता. नारिंगी कोटाच्या आतून नव्या शर्टाची कॉलर डोकावत होती. आईने त्याच्या एका हातात पास्टी कोंबली होती.

"मी दार उघडतो तर तू आडवी," तो म्हणाला.

"मुद्दाम पडले."

"बरं."

तैमीने उलट्या पायमोज्यांकडे पाहिलं. "बाबा, तुला एक सांगायचंय. मी खेळते म्हणजे... आजच खेळले. याआधी एकही मिनिट नाही. मी तुला बोलले नव्हते."

"माहीत आहे," बाबा म्हणाला.

"कसं?"

"गाडीत रेडिओ आहे ना. घरचे सगळे सामने लागतात त्यावर. सगळे ऐकलेत मी." त्याने पास्टी मधोमध मोडली, अर्धी तिला दिली. "तुझं नाव कधी येत नव्हतं. आज आलं, तेव्हा मी तुमच्या फाटकात वळत होतो. गाडी तशीच चालू टाकून पळालो."

तैमीच्या तोंडात घास होता, म्हणून बरं. तिने नुसतं त्याच्या ओल्या कोटात डोकं खुपसलं.

"त्या पाच नंबरला इथवर कुणी आणलं ठाऊक आहे?" तिच्या डोक्यावरून बाबा म्हणाला. "साठ मैल, माझ्या मागे मागे. ब्लेड खाली टाकून रस्ता करत आणलं. फाटकाशी सोडून परत हायवेवर कामाला गेलो होतो."

"तुझ्याच मुलीला हरवायला?"

"न आणून चालतं का? मग तू आज कुणासमोर पडली असतीस?" त्याने कोटाची चेन वर ओढली. "चल. आता परत सोडायचंय त्यांना."

तैमी गणवेशावर आईचा कोट पांघरून पायऱ्यांवर उभी राहिली. एकतीस नंबरच्या पाठीवर फरशीची सगळी धूळ उमटली होती. खाली नारिंगी गाडी घरघरत होती, तिच्या टपावरचा दिवा फिरत होता, आणि दर फेऱ्याला अंगणातला बर्फ क्षणभर केशरी व्हायचा. बस तिच्या मागे लागली. मागच्या खिडकीत कुणीतरी हात हलवला. डावाच.

फाटकाशी बाबाने इंडिकेटर लावला. उजवा. क्षणभराने बसचाही उजवा दिवा लुकलुकायला लागला.