श्रावण नव्हे, आवणू

भागीबाई गेल्याचे कळले, त्या दिवशी सकाळपासून मला कोणी हाक मारली नव्हती. हाका चालू होत्या, पण त्या दुसऱ्याच नावाने.

मित्रांनो, मी वस्तू नाही की प्राणी नाही. मी एक नाव आहे. आवणू. पुरुषाचे नाव, म्हणून पुरुषासारखाच बोलतो. तुमच्या वर्गाच्या हजेरीत मी सापडणार नाही. तुमच्या वडिलांच्या हजेरीतही बहुतेक नसेन. ही गोष्ट दोन हजार तीन सालची, नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यातली. बाहेर बाकावर बसलेला आवणू गावित माझा माणूस होता आणि आत खाटेवर पडलेली भागीबाई त्याची बायको. तिथे काय झाले ते सांगण्याआधी मी कुठून आलो ते सांगतो, नाहीतर तुम्हाला कळणार नाही.

पेठच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे. भात आणि नागली, एवढेच तिथे पिकते. पावसाळ्यात भाताची रोपे उपटून चिखल केलेल्या खाचरात पुन्हा लावतात. त्या कामाला तिकडे आवणी म्हणतात. अशाच एका आवणीत अंबूबाई नावाच्या बाईला कळा सुरू झाल्या. घरी न्यायला वेळच मिळाला नाही. बांधावरच मुलगा झाला. सासू म्हणाली, "पोरगा झाला ते बरं झालं, पण अर्धं खाचर राहिलं की!"

अक्काबाई सुईण पोराच्या अंगावरचा चिखल पुसत होती. ती म्हणाली, "आवणीत आला, आवणू म्हणा. झोडपलं तरी तग धरंल."

एवढेच माझे बारसे. पत्रिका नाही, पेढे नाहीत. चिखलातून मी उचलला गेलो.

तो पहिला आवणू मोठा झाला. त्याचा हात चांगला होता. त्याने पहिली मूठ लावली की खाचर फुकट जात नाही, असे लोक म्हणू लागले. मग आजूबाजूच्या घरांत मुलगा झाला की माझीच आठवण व्हायची. एका काळी पाड्यावर आम्ही पाच होतो. थोरला आवणू, विहिरीवरचा आवणू, तोतरा आवणू, लांब्या आवणू आणि सगळ्यांत धाकटा रावजीचा आवणू. हा धाकटा म्हणजे पहिल्या आवणूचा नातू. पेठच्या बाजारात कोणी "ए आवणू" म्हणून ओरडले की पाच माना वळायच्या.

"कंचा आवणू?"

"ज्याच्याकडं तंबाखू हाय तो!"

मग पाचही जण खिसे झटकून दाखवायचे. माझी कीर्ती इतकीच होती. पेठच्या बाजारापलीकडे ती कधी गेली नाही. पण तेव्हा मला लाज वाटत नव्हती.

रावजीच्या आवणूचे लग्न भागीबाईशी झाले. लग्नात बायकांनी तिला अडवले, नाव घेतल्याशिवाय घरात सोडेनात. तिने मान खाली घालून म्हटले,

"खाचरात रोपं, बांधाला पाणी,
आवणूचं नाव घेते, रावजीबाबाची सून शहाणी."

तिच्या तोंडून मी निघालो तो तेवढाच. त्यानंतर एकतीस वर्षे तिने मला उच्चारले नाही. नवऱ्याचे नाव घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते, असे तिच्या आईने तिला सांगितले होते. ती त्याला "अवं" म्हणे, मुलगा झाल्यावर "सुनीलचं बा" म्हणे. एवढ्यावर भागले नाही. आवणी या शब्दात मी आहे म्हणून तिने तो शब्दही सोडला. शेतावर निघाली की म्हणायची, रोपांच्या कामाला चालले.

तिची नणंद ललिता मुद्दाम विचारायची, "वहिनी, शिवारात कसली घाई चाललीय गं?"

"रोपांची."

"रोपांची काय?"

"लावायची."

"लावतात त्याला काय म्हणतात?"

"मेले, गप बस. तुझ्या नवऱ्याचं नाव सोमनाथ. तू सोमवार म्हणतीस का?"

"मी रविवारच्या दुसऱ्या दिवशी म्हणते!"

खाचरातल्या सगळ्या बायका हसायच्या. मीही हसायचो. या खेळाचे पुढे काय होणार हे तेव्हा कळले असते, तर मी तिच्या तोंडातून जबरदस्तीने बाहेर पडलो असतो. पण नावाला तसे करता येत नाही. कोणी घेतले तरच आम्ही असतो.

नव्वद सालानंतर माझे दिवस फिरले. पाड्यावर शाळा आली, मग टीव्ही आला. पोरांची नावे दिनेश, सुनील, राकेश ठेवू लागले. माझ्या माणसाने तर त्याच्या आधीच आपल्या मुलाचे नाव सुनील ठेवले होते. लांब्या आवणू शिपाई म्हणून लागला आणि कागदावर अविनाश झाला. थोरला वारला, विहिरीवरचा वारला. तोतरा दरवर्षी कामाला गुजरातेत जायचा, एका वर्षी तो परत आलाच नाही. राहिला रावजीचा आवणू.

तो आणि भागीबाई भात झाल्यावर पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या मळ्यात कामाला जायचे. तिथला मुकादम जयराम पहिल्याच दिवशी म्हणाला, "आवणू? हे नाव हाय का काय? इथं भात नाय लावायचा बाबा, घड विरळायचेत. मी तुला अरुण म्हणतो."

"म्हणा," आवणू म्हणाला.

आणि त्याने चार महिने अरुणला ओ दिली. मला फार राग आला होता. भागीबाईलाही आला. संध्याकाळी चुलीपाशी ती म्हणाली, "तुमी कशाला वळून बघता? ते काय तुमचं नाव हाय?"

"काम चाललंय ना? मग झालं."

"नाय झालं. आपलं नसंल त्याला ओ देऊ नका. मला नाय आवडत."

दुसऱ्या हंगामापासून आवणूने ओ देणे बंद केले. जयराम वैतागून शिव्या द्यायचा आणि शेवटी "ए आवण्या" म्हणायचा. मग आवणू उठायचा. बायकोचा एवढा शब्द त्याने पाळला. पाळायला नको होता.

दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये भागीबाई तापाने फणफणली. पेठहून नाशिकला पाठवले. सुनील पिंपळगावला कामावर होता, त्याला निरोप पोचायचा होता. आवणूने तिला नोंदणीच्या टेबलापाशी चाकाच्या खुर्चीत बसवले आणि तो खाली औषधाच्या दुकानात गेला. टेबलामागच्या बाईने कागद पुढे ओढला.

"नाव?"

"भागीबाई."

"नवऱ्याचं नाव?"

भागीबाईने पदर तोंडाला लावला.

"अहो मावशी, नवऱ्याचं नाव सांगा. मागं रांग आहे."

"आमच्यात नाव नाय घेत."

"बरं, मग खुणेनं सांगा."

"पावसाळ्यात... भाताची रोपं..." तिला धाप लागली.

"पावसाळ्यात? श्रावण का?"

मी तिच्या जिभेच्या टोकावर होतो. मित्रांनो, श्रावण म्हणून बघा. त्याच्या मागच्या बाजूला मीच ऐकू येतो. तापात तिला तेवढेच ऐकू आले. तिने मान डोलवली. बाईने लिहिले, श्रावण गावित. वाचून दाखवले नाही. दाखवले असते तरी भागीबाई "नाय" म्हणाली असती का, मला सांगता येत नाही. "नाय" म्हटल्यावर मला घ्यावे लागले असते.

बायकांच्या खोलीत पुरुषांना बोलावल्याशिवाय सोडत नसत, म्हणून आवणू बाहेर बाकावरच असायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आतली परिचारिका दारात आली. "श्रावण गावित! श्रावण गावित कोण आहे? आत या, बायको बोलावतेय."

कोणी उठले नाही. आवणूने इकडेतिकडे पाहिले. गावित आमच्याकडे घरोघर असतात. त्याने शेजारच्या टोपीवाल्याला हलवले. "दादा, तुमी श्रावण का? बोलावतात."

"नाय बुवा. मी पुंजाराम."

"गावित?"

"गावितच. पण श्रावण नाय."

परिचारिका पुन्हा आली. पुन्हा तीच हाक. आवणूला त्या श्रावणची चीड आली. "काय माणूस असंल! बायको आत, अन् हा कुठं उंडारतोय?"

"चहाला गेला असंल," पुंजाराम म्हणाला.

"थांबा, मी बघतो."

आणि माझा माणूस श्रावणला शोधायला निघाला. जिन्यात विचारले, नळापाशी विचारले, फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीवर विचारले. "श्रावण गावित हाय का कोणी? आत बायको बोलावते त्याची." एकाने त्याला विचारले, "तुमचा कोण लागतो?" तो म्हणाला, "कोणी नाय. पण माणूस म्हणून सांगायला नको का?"

तो परत आला तेव्हा परिचारिका बाकापाशी उभी होती.

"भागीबाई गावितांचं कोण आहे?"

"मी. घरवाला."

"मग कुठं होता तुम्ही? तासभर हाका मारतोय! तुम्ही श्रावण ना?"

"मी आवणू."

तिने हातातल्या कागदाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा, त्या गेल्या. नवऱ्याला बोलवा, एवढंच म्हणत होत्या."

नवऱ्याला. शेवटीही तिने मला घेतले नाही. घेतले असते तर परिचारिकेने मला हाक मारली असती, आणि तो एका ढांगेत आत गेला असता.

नंतर टेबलाच्या बाईने सांगितले, "मावशींनीच मान डोलवली हो." ती खोटे बोलत नव्हती. त्यामुळे आवणूला चिडायलाही कोणी मिळाले नाही. तो माझ्यावर चिडला. पाड्यावर कोणी "आवणू" म्हटले की तो मान वळवत नसे. ललिता एकदा रडून म्हणाली, "दादा, ओ तरी द्या." तो म्हणाला, "तेव्हा नाय दिली, आता कुणाला देऊ?"

तिने नाव घेतले नाही, म्हणून त्याचे आयुष्य कमी झाले नाही. ते तसेच शिल्लक आहे. त्याचे काय करायचे, हे मात्र कोणी सांगून ठेवलेले नाही.

पुढे सुनीलला मुलगा झाला. त्याची बायको मोहिनी चांगली आहे. तिने आपण होऊन माझ्याबद्दलच विचारले, "मामंजी, तुमच्या आजोबांचं नाव ठेवू का? तुम्हाला बरं वाटेल." आवणू म्हणाला, "नको. जे लिहायला सोपं असंल ते ठेवा." मुलाचे नाव साहिल आहे. सोपे आहे. पहिल्या झटक्यात लिहिता येते.

तर मित्रांनो, माझ्यासारखी जुनी, वेडीवाकडी नावे तुम्हाला भेटतील. हसायचे तर हसा, पण बरोबर लिहा, आणि लिहिलेले त्या माणसाला एकदा वाचून दाखवा. तुमच्या आईला बाबांचे नाव घ्यायला सांगा. मोठ्याने घ्यायला सांगा. त्याने कोणी मरत नाही. न घेतल्याने काय होते ते मी पाहिले आहे.

भागीबाईच्या मृत्यूच्या दाखल्यावर पती म्हणून श्रावण गावित असे छापून आले. सुनील आवणूला दुरुस्तीसाठी नाशिकला घेऊन गेला. तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितले, अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र लागते. मजकूर तयारच असतो. सुनीलने तो वाचून दाखवला. "श्रावण आणि आवणू ही दोन्ही नावे माझीच असून ती एकाच व्यक्तीची आहेत."

"बाबा, अंगठा द्या."

"मी श्रावण नाय."

"माहीत हाय. पण असं लिहिल्याशिवाय दुरुस्ती होत नाय."

"मी श्रावण असतो," आवणू म्हणाला, "तर उठलो नसतो का?"

साहेबांनी पुढचा अर्ज उघडला. सुनीलने कागद घडी करून खिशात ठेवला. या गोष्टीला आता चार वर्षे झाली. त्या प्रतिज्ञापत्रावर अंगठा उमटलेला नाही. भागीबाईच्या दाखल्यावर तिच्या नवऱ्याचे नाव अजून श्रावण आहे.