दर्पणातली डावी बाजू

लहरीबाई तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार, ही बातमी विसरवाडीच्या चौफुलीवर चहावाल्यापासून टायर पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली होती. आता अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने परीक्षा द्यायची म्हणजे गुपचूप द्यायची असते. पण ज्या घराचं पुढचं दार दुकानातच उघडतं, तिथे गुपित टिकणार कसं!

लहरीबाई बोलत अगदी हळू. तूरडाळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक भाव ऐकायला वाकून उभं राहायचं. दिवस मात्र त्यांचा घड्याळासारखा. पहाटे नवकार मंत्र, मग गावातल्या लहानशा देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, पूजा, दुपारी एक सामायिक. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं लोकरी आसनावर बसायचं, हलायचं नाही, कुणाचं बरंवाईट मनात आणायचं नाही. आणि सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. लग्न होऊन आल्यापासून यात खंड नव्हता.

अशा बाईच्या मागे कोर्सचं लचांड लावलं ते रमिलाबाईंनी. त्या महिला गटाच्या अध्यक्ष. गटातल्या एकोणीस बायका तूर भरडून डाळ विकत, त्यात लहरीबाईही होत्या. गटाच्या वह्या लिहायला बाहेरून एक मुनीम यायचा. रमिलाबाईंनी काही विचारलं की तो वही मिटून म्हणायचा, "राहू द्या बाई, तुम्हाला नाही कळायचं." वर्षभर त्यांनी हे ऐकून घेतलं. शेवटी वरच्या कार्यालयातून कळलं, गटातलीच बाई वह्या लिहू शकेल. पण तिने हिशोबाचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स पास केलेला हवा, तोही संक्रांतीच्या आत. नाहीतर मुनीम कायम.

रमिलाबाई तडक दुकानात आल्या. "शेठाणी, आमले लिखता येत नही. तुले येस. तू शिक!"

लहरीबाईंना येत होतं हे खरं. आठवीनंतर शाळा सुटली, पण त्याआधीच वडिलांच्या मांडीवर बसून त्या लाल बही लिहायला शिकल्या होत्या. दुकानाच्या गादीवर बसणारे त्यांचे यजमान धर्मचंदजी तर चारचौघांत सांगत, "बही हिला माझ्यापेक्षा चांगली येते." म्हणून सगळ्यांना वाटलं, ही तर डाव्या हाताने पास होईल.

पहिल्यांदा एक्केचाळीस गुण पडले. दुसऱ्यांदा चव्वेचाळीस. पासाला पन्नास हवे होते, आणि संधी फक्त तीन.

लहरीबाई रडल्या नाहीत. देवासमोर बसून त्यांनी पास होईपर्यंत गोड सोडलं. घरात कुणाला सांगितलं नाही, पण चहा बिनसाखरेचा दिसला तेव्हा सून रुचिका समजायचं ते समजली.

रुचिका नर्सिंग शिकलेली. हिशोबातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण परीक्षेला चार दिवस उरले असताना तिला मोबाइलवर कोपऱ्यात एक बारीकसं बटण दिसलं, 'उत्तरपत्रिका पाहा'. तिने ते दाबलं आणि सासूबाईंची वही मागून घेतली.

"मम्मीजी, गंमत बघा. रोकडीचे सगळे प्रश्न बरोबर. माणसांच्या खात्यांचे सगळे चूक. एकसुद्धा बरोबर नाही!"

"एकसुद्धा नाही?"

"माझ्यासारखं अंदाजाने लिहिलं असतं तरी निम्मे बरोबर आले असते." तिने वहीचं पहिलं पान उघडलं. तिथे लहरीबाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात ओळ होती, 'डेबिट म्हणजे डावी बाजू, म्हणजे जमा.' "हे कोणी सांगितलं?"

"व्हिडिओतल्या सरांनी."

"सरांनी डेबिट डावीकडे एवढंच सांगितलं. जमा कुठून आली?"

"अगं, डावीकडे जमाच असते," लहरीबाई म्हणाल्या. "वडिलांच्या बहीत तेच, यांच्या बहीत तेच."

गादीवरून धर्मचंदजींचा आवाज आला, "डावीकडे जमा नाही तर काय हळदीकुंकू असणार?"

"पप्पाजी, डेबिट म्हणजे नावे. नावे डावीकडे, जमा उजवीकडे. आत्ता शोधून पाहिलं मी."

धर्मचंदजींनी चष्मा कपाळावर नेला. "कोण लिहितं असं?"

"सगळी दुनिया लिहिते."

"मग दुनियेचाच काहीतरी घोळ आहे," ते म्हणाले आणि पुन्हा बहीत शिरले.

लहरीबाईंनी मात्र वही पुढ्यात ओढली. रोकड आली की बहीत काय नि कोर्समध्ये काय, डावीकडेच लिहायची, म्हणून त्यांना कधी शंका आली नव्हती. चूक कळली, पण हाताला कशी समजवायची? सरावाला बसल्या की 'जमा' वाचताच बोट डावीकडे धावायचं. पन्नास वर्षांची सवय ती. दोन दिवस त्यांनी खोडरबराचा नुसता भुगा केला. "माझे वडील काय उलटं शिकवून गेले?" एवढं एकच वाक्य दोन दिवसांत त्या दोनदा बोलल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी देरासरात पूजा आटोपली. शेवटी रोजच्यासारखा त्यांनी छोटा दर्पण हातात घेतला. भगवंताचं मुख त्यात पाहायचं, पंखा ढाळायचा, असा तो विधी. हजारो वेळा केलेला. मूर्तीच्या एका खांद्यावर त्यांनी आज चाफ्याचं फूल ठेवलं होतं. दर्पणात पाहिलं तर फूल दुसऱ्याच खांद्यावर.

लहरीबाईंनी मूर्तीकडे पाहिलं. दर्पणात पाहिलं. परत मूर्तीकडे पाहिलं.

देव तोच. फूल तेच. बाजू तेवढी बदलली.

त्या इतक्या जोरात हसल्या की पुजारी गाभाऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला. त्या बाईंचं हसू त्याने आजवर पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी वहीची ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'माणसाचं खातं दर्पणात पाहावं.' वडील उलटे नव्हते, सरही उलटे नव्हते. त्या दिवशी सरावाच्या तीस प्रश्नांपैकी अठ्ठावीस बरोबर आले.

परीक्षेची वेळ मिळाली ती संध्याकाळी पाचची. पेपर एक तासाचा, आणि पौषातला सूर्य सहाच्या आत बुडणारा. लहरीबाईंनी साडेचारला भाकरी-भाजी खाल्ली, पाणी प्याल्या आणि आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसल्या. कॅमेरा सुरू होता. जरा इकडेतिकडे पाहिलं की पडद्यावर ताकीद यायची. रुचिकाने गंमत म्हणून सराव पेपर दिला होता, तेव्हा दहा मिनिटांत तिला तीन ताकिदी मिळाल्या होत्या.

बाहेर दुकानात रमिलाबाई येऊन बसल्या होत्या. पदराखाली झाकलेली वाटी होती. "काय करी ऱ्हायनी ती?"

"बसलीय," धर्मचंदजी कुजबुजले. त्यांनी त्या तासापुरता दुकानाचा रेडिओ बंद केला होता. एका गिऱ्हाइकाने साबण मोठ्याने मागितला, तर त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं.

आत लहरीबाई बसल्या त्या बसल्याच. पाठ ताठ, नजर समोर. एकही ताकीद आली नाही. रोज तेवढा वेळ हलायचं नाही ही सवय शरीराला होती. प्रश्न यायचा, माणसाचं खातं असलं की त्या मनात दर्पण धरायच्या, फूल कुठल्या खांद्यावर ते पाहायच्या आणि बोट टेकवायच्या. शेवटचं उत्तर देऊन त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

त्यांनी डोळे मिटून नवकार म्हटला आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक चाक बराच वेळ फिरलं. मग आकडा आला. लहरीबाईंनी तो वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा घरात ओरडल्या, "रुचिका! ब्याण्णव!"

रुचिका धावत आली, तिच्या मागे रमिलाबाई, त्यांच्या मागे गादी सोडून धर्मचंदजी. "पास व्हयनी? पास व्हयनी ना व माय!" रमिलाबाईंनी त्यांना मिठीच मारली.

"मम्मीजी, पाच बावन्न! सूर्य अजून आहे!" रुचिकाला ते बिनसाखरेचे चहा आठवत होते.

"तोंड उघड शेठाणी, दिन बुडी ऱ्हायना!" रमिलाबाईंनी वाटीवरचा पदर काढला. "गूळच शे, दुसरं कायच नही."

लहरीबाईंनी खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं. महामार्गापलीकडे सूर्य शेताच्या बांधावर टेकला होता. त्यांनी तोंड उघडलं. चार महिन्यांनी जिभेवर गूळ आला, वर घोटभर पाणी, आणि हसता हसता ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी गटाची वही उघडायला एकोणीस जणी ओसरीवर जमल्या. मुनीमाने जुनी वही मुकाट्याने आणून दिली होती. लहरीबाईंनी नव्या वहीवर स्वस्तिक काढलं, पहिलं खातं मांडलं आणि डावीकडे लिहिलं, 'नावे'. रमिलाबाई शेजारी बसून विचारत होत्या, "हाई काय शे? हाई काय?" आणि लहरीबाई एकेक ओळ त्यांना समजावून देत होत्या, आपल्या हळू आवाजात. ते ऐकायला अठरा जणी वाकल्या होत्या.

त्यांच्या डोक्यांवरून धर्मचंदजी डोकावले. "अगं, उलटं लिहिलंस!"

लहरीबाईंनी मान वर केली नाही. "रुचिका," त्या म्हणाल्या, "पप्पाजींना जरा आरसा आणून दे."