कात्रीआजीचा शेवटचा सदरा

मित्रांनो, मला हात लावण्याआधी दोन गोष्टी ऐकून घ्या. मी जुनी आहे, आणि मी डावरी आहे. कापड बेतायच्या कात्र्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील, त्या सगळ्या उजव्या हाताच्या. माझं वरचं पातं डावीकडे आहे. उजव्या हातात धरलंत तर मी कापड कापत नाही, चावते. त्यात माझा दोष नाही. मला घडवलंच तसं.

मला घडवणारा लोहार फटकळ होता. एक शिंपी आपल्या लहान मुलीला घेऊन त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "हिच्यासाठी उलटी कात्री कर."

लोहार म्हणाला, "एवढ्याशा पोरीसाठी मी उलटं कशाला घडवू? पोरीचा हात बदल. सोपं पडेल."

"हात बांधून पाहिला. दातांनी गाठ सोडते."

लोहाराने मुलीकडे पाहिलं, मुलीने लोहाराकडे. आधी लोहाराने नजर खाली घातली. मग भट्टी पेटवली. तयार झाले तेव्हा मी त्या मुलीच्या कोपरापर्यंत पोचत होते, पण तिने मला दोन्ही हातांनी धरून घरी नेलं, बापाला धरू दिलं नाही.

तीच मुलगी पुढे सून झाली, आई झाली, आजी झाली. गल्ली तिला कात्रीआजी म्हणे. हे नाव माझ्यावरून पडलं की तिच्या जिभेवरून, याचा निकाल कधी लागला नाही.

लग्न होऊन ती ज्या घरात आली, तिथे रस्त्याकडची खोली दुकानाची होती. एक लांब फळी, पायाचं मशीन, दाराशी आरसा. नवरा शिवायचा, ती बेतायची. नवरा छातीच्या दुखण्याने लवकर गेला. मागे थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा, दोघंही फळीखाली मावतील एवढी. नातेवाईक म्हणाले, दुकान बंद करा. ती म्हणाली, "तुम्ही जेवायला बसला आहात ना, मग जेवून जा." आणि दुसऱ्या दिवशी दार उघडून तिने मला हातात घेतलं.

तिच्या हातात मी जशी चालले, तशी कुणाच्या हातात कात्री चालली नसेल. हा गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही. कापडावर खडूची एक रेघ ओढायची, माझं तोंड उघडायचं आणि टोकापर्यंत न थांबता जायचं. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की ती म्हणे, "श्वास सोडा. सदरा तुम्हाला घालायचाय, फोटोला नाही." तिचं बोलणं लोकांना झोंबायचं, आणि तेच लोक पुढचं कापड घेऊन परत यायचे.

एक रीत तिने स्वतः पाडली. नवरा गेला तेव्हा त्याचा शेवटचा सदरा तिने बेतला. मेलेल्या माणसाचे हात वर होत नाहीत, म्हणून तो सदरा पाठीतून उघडा ठेवायचा आणि मागून नाड्यांनी बांधायचा. पुढे गल्लीत कुणीही गेलं की घरचे आमच्या दाराशी येऊन नुसते उभे राहत. ती हातातलं काम बाजूला सारून टेप घेऊन निघे. त्या कामाचं तिने कधी काही घेतलं नाही. "जाणाऱ्याला ढगळ घालू नये," ती म्हणायची. "जन्मभर दुसऱ्यांचं उतरलेलं घातलं, आता तरी मापाचं घालू दे."

थोरली मुलगी बाळंतपणात गेली. तो सदराही तिनेच बेतला. खोलीत सगळे रडत होते. तिने एकदाच मान वर केली आणि म्हणाली, "रडायचं तर बाहेर रडा. फळी हलते."

मग धाकट्याची बायको घरात आली. तीही शिंप्याचीच मुलगी, येताना स्वतःची कात्री घेऊन आलेली. पहिल्याच दिवशी तिने मला उचललं आणि एका तुकड्यावर चालवून पाहिलं. अर्थात मी चावले. सासू म्हणाली, "हिच्या माहेरी कापड बेतत नाहीत वाटतं, कोंबडीसारखं टोचतात. ती कात्री ठेव खाली. पुन्हा हात लावायचा नाही." सुनेने पुन्हा हात लावला नाही. वर्षानुवर्षं एकाच फळीच्या दोन टोकांना दोघी उभ्या राहत, आणि सुनेने गळा कापला की सासू लांबूनच सांगे, "वाकडा." बहुतेक वेळा तो वाकडा असेच.

स्वतःच्या शेवटच्या सदऱ्यासाठी कात्रीआजीने पांढरं सुती कापड आणून, पाण्यातून काढून, वाळवून फडताळात ठेवलं होतं. मुलगा म्हणे, "आई, तो एकदाचा बेतून टाक म्हणजे तुझ्या जिवाची घालमेल थांबेल."

"माप ठरलं की बेतीन. म्हातारं माणूस रोज आटतं. आज बेतला तर जायच्या दिवशी खांद्यावरून उतरेल. लोक म्हणतील, जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली आणि स्वतःचं चुकली."

अशी ती आटत राहिली, आणि कापड घडीतच राहिलं. मग एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला. तोंड थोडं वाकडं झालं, ते दोन महिन्यांत सावरलं. जीभ परत आली. डावा हात आला नाही.

दुकानाच्या खोलीतच तिची खाट टाकली. सून म्हणाली, "आई, मी बेतते तुमचा सदरा. माझ्या कात्रीने."

"तुझ्या कात्रीचं घालून मी जायची नाही. उघडी जाईन."

एका दुपारी घरात कुणी नसताना ती भिंत धरून फळीपर्यंत आली. कापड पसरलं आणि मला उजव्या हातात घेतलं. मित्रांनो, मी लोखंड आहे. मला माझं पातं बदलता येत नाही. मी तिचं कापड चावलं, चुरगळलं, काठ कुरतडला. तिने पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच. मग ती फळीवर डोकं टेकून उभी राहिली. सून आली तेव्हाही तशीच उभी होती.

सुनेने फाटका काठ पाहिला. मला उचलून तिने डाव्या हातात धरलं आणि म्हणाली, "शिकवा."

"या वयात?"

"तुम्ही शिव्या द्या. मी कापते."

तेव्हापासून रोज दुकान बंद झालं की ती डाव्या हाताने चिंध्या कापायची आणि खाटेवरून सासू बोलायची. "अंगठा सैल सोड. कात्री आहे, पाळणा नाही हलवायचाय. बघ, गेली रेघेबाहेर." सुनेच्या अंगठ्याला घट्टे पडले. हळूहळू मी तिच्या हातात सरळ जाऊ लागले. सदऱ्यापुरतं चांगलं कापड अजून शिल्लक होतं. सून विचारी, "आज बेतू का?" उत्तर एकच. "अजून नाही. गळा जमत नाही तुला."

गळा खरंच जमत नव्हता. पण चालला असता. मला कळत होतं, सुनेला कळत होतं, तिलाही कळत असणार.

एका पहाटे ती गेली. गळा शिकायचा राहिला.

माणसं दाराशी जमली. मुलगा म्हणाला, "अगं, लोक खोळंबलेत. तयार काहीतरी आणतो."

"त्यांना ढगळ घालायचं नाही," सून म्हणाली. टेप घेऊन तिने सासूचं माप घेतलं. खांदे लहान मुलीएवढे झाले होते. मग जमिनीवर बसून तिने कापड पसरलं आणि मला डाव्या हातात धरलं. पाठ झाली, बाह्या झाल्या. गळ्याशी वळताना मी रेघेबाहेर गेले.

ती थांबली. मान वर करून खाटेकडे पाहत राहिली. वाकडा, असं कुणी म्हणालं नाही. मग तिने खाली मान घालून उरलेलं कापलं, आणि तोच सदरा सासूला घातला.

आता मी मशीनच्या खणात असते. नातवंडं पाकिटं फोडायला मला काढतात आणि बोथट म्हणून परत टाकतात. मित्रांनो, मला तेल द्या, गंज पुसा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं हे, की तुमच्या घरातलं म्हातारं माणूस "अजून नाही" म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. त्याच्या डोळ्यांदेखत कापड पसरा आणि कात्री चालवा. वाकडं गेलं तर ते तुम्हाला बोलेल. बोलून घेऊ द्या.