बंद म्हणजे कायमची का?

गंधालीने खुर्ची मागे सारली, दारापर्यंत आली आणि हात लांब करून डावीकडे दाखवलं.

“सोनोग्राफी पलीकडे. तो निळा पडदा आहे ना, त्याच्या आत.”

“मग इथे काय होतं?” रिपोर्टांचं पाकीट छातीशी धरलेल्या आजोबांनी विचारलं.

ती सांगायला लागली तोवर ते निळ्या पडद्यापर्यंत पोचलेसुद्धा होते. ती परत येऊन टेबलामागे बसली.

दारावर पाटी होती. ‘डॉ. गंधाली कारखानीस, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी’. घाटकोपरच्या या इस्पितळात नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती, पण स्वतःची ओपीडी तिला या वर्षी मिळाली, तीही भांडून. “मला पेशंट दिसतो तो हिरव्या कापडाखाली झोपलेला,” ती अधीक्षकांना म्हणाली होती. “चालत येणारा, प्रश्न विचारणारा पेशंट मी बघतच नाही. आधी नाही, नंतरही नाही.” अधीक्षक हसले होते. “बुधवार दुपार घ्या. तेव्हा खोली रिकामीच असते.”

खोली रिकामीच राहिली. लोक येत ते सोनोग्राफी कुठे, एक्स-रे कुठे, बाथरूम कुठे हे विचारायला.

तिचं खरं काम तळघरात चाले. अंगावर शिशाचा जड एप्रन चढवायचा, जांघेत किंवा मनगटात सुईएवढं भोक पाडायचं आणि पडद्यावर बघत बघत तार आतल्या आत पुढे सरकवायची. यकृतातली गाठ, तुंबलेली पित्तनळी, फुटलेली रक्तवाहिनी, जिथे जायचं तिथे पोचायचं, काम करायचं आणि तार काढून घ्यायची. पेशंट स्ट्रेचरवर वर जाई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खाटेपाशी उभं राहून “काय, कसं वाटतंय?” असं विचारणारं माणूस दुसरं असे. आई होती तेव्हा मुलुंडच्या सोसायटीत सगळ्यांना सांगायची, “आमची गंधाली फोटो काढते.” गंधालीने ते दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलं होतं. आई गेल्यापासून घरी बोलायला कोणी उरलं नव्हतं. काही दिवस तर असे जात की तिचं दिवसभराचं बोलणं ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा’ एवढ्यावरच संपे.

“मॅडम, जरा बसू का इथे? बाहेर खुर्ची नाहीये.”

दारात पस्तिशीची एक बाई उभी होती. पंजाबी ड्रेस, ओढणी खोचलेली, कपाळावर घाम.

“बसा ना.”

“सासूबाईंची सोनोग्राफी आहे. पित्ताशयात खडे झालेत. मोठी लाइन आहे.” ती बसली, ओढणीने मान पुसली. “तुम्ही डॉक्टर ना? कशाच्या?”

“रक्ताच्या नळ्या, आतल्या इतर नळ्या. पोट न फाडता आतून दुरुस्त करते.”

“प्लंबरसारखं.”

“तसंच,” गंधाली म्हणाली. तिला हसू आलं. आज पहिल्यांदाच.

बाहेरून खणखणीत आवाज आला, “गो प्रेमा, माझो नंबर इलो काय गो?”

“नाय आई, बसा तुम्ही,” प्रेमाने बसल्या जागेवरून उत्तर दिलं. मग तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“मॅडम, एक विचारू? गाठीचं तुम्ही बघता का?”

“कसली गाठ?”

“पोटातली. म्हणजे अजून कोणी सांगितलं नाहीये. मलाच वाटतंय.” तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. “पाळी चुकलीय. सकाळी मळमळतं, खालून पोट जड वाटतं. आमच्या मावससासूबाईंना असंच व्हायचं, मग गाठ निघाली. गेल्या त्या. घरी नाही बोलले मी. आज यांच्या आईला घेऊन आले तर म्हटलं विचारावं.”

“दिवस गेले असतील. ते बघितलं का?”

“छे. तो प्रश्नच नाही.” प्रेमाने इतक्या सहज सांगितलं की गंधालीच्या हातातला पेन थांबला. “माझी पिशवी बंद केलीय ना. इथेच केली, याच हॉस्पिटलात.”

“बंद केलीय?”

प्रेमाने मग सांगितलं. गेल्याच्या गेल्या वर्षी, गणपतीत. नववा महिना लागला होता. दुपारी जेवणं चालली होती, तिने मोदकांचं ताट उचललं आणि पोटात कळ आली. रिक्षातच रक्त सुरू झालं. वार आधीच सुटली होती. मुलगी झाली ती गेलेलीच. त्यानंतरही रक्त थांबेना, तेव्हा बाळंतपणाच्या डॉक्टर ऋता मॅडमनी तिला खाली कुठेतरी पाठवलं.

“अंधारी खोली होती. खूप थंडी वाजत होती. बाकी काही आठवत नाही. मी वाचले एवढंच.”

गंधालीला आठवलं. चेहरा नाही, चेहरा तिने नीट बघितलाच नव्हता. पण डाव्या बाजूची रक्तवाहिनी तिला स्पष्ट आठवली. पिळा घातलेल्या दोरीसारखी वळत गेलेली होती, तार दोनदा मागे फिरली होती आणि तिसऱ्यांदा आत शिरली होती. ऋताने फोनवर म्हटलं होतं, “पिशवी काढायची तयारी ठेवलीय गं. त्याआधी एकदा तू बघ.” तिने बघितलं होतं. पिशवी वाचली होती. ऋताचे आभार मानायला लोक पेढे घेऊन येतात तसे तेव्हाही कोणी आले असतील, असं तिने गृहीत धरलं होतं.

“तुम्हाला कोणी सांगितलं, बंद केली म्हणून?”

“यांना सांगितलं. त्या आतल्या डॉक्टर बाहेर आल्या म्हणे. ‘दोन्ही बाजूंनी बंद केलंय, आता काळजी नको.’ एवढं सांगून गेल्या.”

“ऋता मॅडमना नाही विचारलं? नंतर दाखवायला आला असाल ना?”

“नाही आलो. सासूबाईंनी मला गावी नेलं, कणकवलीला. परत आल्यावर वर त्यांच्याकडे जायच्या जिन्यावर पायच ठेववेना मॅडम.” प्रेमाने नाक ओढलं. “आणि विचारायचं काय? जीव वाचवायला केलं त्यांनी. पाळणा होता तो नणंदेला देऊन टाकला.”

गंधाली उठली. खिडकीपाशी गेली, पडदा सारखा केला, जो सारखाच होता. तिला त्या दिवशीचा जिना आठवला, शिशाचा एप्रन अजून खांद्यावर, मास्क हनुवटीखाली, आणि समोर एक माणूस. ‘दोन्ही बाजूंच्या’ आणि ‘बंद’ यांच्या मधला ‘नसा’ हा शब्द ती बोलली होती का, तो त्या माणसापर्यंत पोचला होता का, कोण जाणे. वर आयसीयूत दुसरा पेशंट ताटकळला होता. आणि समजावून सांगणं हे तिचं काम नव्हतंच. ते वरच्यांचं.

“आधी लघवी तपासू,” ती वळून म्हणाली. “मग सोनोग्राफी मी स्वतः करते.”

पट्टीवर दोन रेघा उमटल्या. नियमाचे कागद भरून, सह्या घेऊन गंधालीने प्रेमाला पलीकडच्या टेबलावर झोपवलं. पडद्यावर काळ्या पोकळीत वाटाण्याएवढा एक करडा ठिपका होता, आणि त्या ठिपक्यात काहीतरी भराभर उघडझाप करत होतं.

“हे बघा.”

“हीच का गाठ?”

“नाही. हे त्याचं हृदय.”

प्रेमा पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली आणि जवळजवळ तक्रार केल्यासारखी म्हणाली, “पण बंद आहे ना?”

“पिशवी बंद केली नव्हती. पिशवीला रक्त नेणाऱ्या दोन नसा बंद केल्या होत्या, रक्त थांबायला. त्यात एक प्रकारचा स्पंज भरतात. तो काही आठवड्यांत विरघळतो आणि नसा आपोआप मोकळ्या होतात. तुमची पिशवी तेव्हाच वाचली होती प्रेमाताई.”

“आणि आम्ही...” पोटावरची जेल पुसायला दिलेला कागद प्रेमाने डोळ्यांना लावला, मग लक्षात येऊन पालथ्या हाताने गाल पुसले. “परत तसंच झालं तर?”

होणार नाही असं सांगणं सोपं होतं. “होऊ शकतं,” गंधाली म्हणाली. “इतरांपेक्षा तुम्हाला धोका थोडा जास्त. म्हणून पहिल्यापासून ऋता मॅडमच्या नजरेखाली राहायचं. जिना चढायचा. मी येते सोबत.”

“नको. चढते मी.” प्रेमा उठून बसली. “यांना फोन करते. साकीनाक्याला आहेत, लेथवर. येतील लगेच. पण मॅडम, त्यांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही. माझाच बसत नाही.”

गंधालीने ऋताला फोन लावून सगळं सांगितलं. “वर पाठव तिला,” ऋता म्हणाली. “आणि गंधाली, मला वाटलं तू बोलली असशील गं त्यांच्याशी.”

“मला वाटलं तू.”

सासूबाईंचा नंबर लागला, त्या निळ्या पडद्याआड गेल्या. प्रेमा वर गेली. थोड्या वेळाने तिचा नवरा, बाळा धुरी, आला. कामाच्याच कपड्यांत, हात धुतलेले, पण नखांच्या कडांना तेलाचा काळपटपणा राहिलेला. दारात उभं राहून त्याने गंधालीकडे बघितलं आणि तिथेच थांबला.

“तुम्हीच ना त्या?”

“हो.”

“प्रेमाला काय झालंय? फोनवर काही सांगेना. नुसतं या म्हणाली.”

गंधालीने त्याला बसवलं आणि सांगितलं. या वेळी सावकाश. नसा कुठे असतात, बंद काय केलं, का केलं, काय विरघळलं. तेव्हा नीट सांगितलं नाही ही चूक तिची, हेही सांगितलं. आणि शेवटी, वाटाण्याएवढं काय दिसलं ते. बाळा मान खाली घालून ऐकत होता. मधेच त्याने गुडघ्यांवर तळहात घासले. ओरडेल असं तिला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मी आलो होतो तुम्हाला शोधत,” तो म्हणाला. “आईला आणि तिला गावी सोडून परत आलो तेव्हा. मला एवढंच विचारायचं होतं, बंद म्हणजे कायमची का? खाली काउंटरवर विचारलं. त्या दिवशी आत होत्या त्या डॉक्टर कुठे बसतात? तिथला म्हणाला, त्या पेशंट बघत नाहीत. त्यांची बसायची जागा नाही. परत एकदा आलो. दुसरा माणूस होता. त्यालाही नाव माहीत नव्हतं. नाव मलाही माहीत नव्हतं ना.”

कोणी येत नाही, असं गंधाली इतकी वर्षं धरून चालली होती. हा दोनदा येऊन गेला होता.

ती टेबलामागून उठली आणि पेशंटसाठी ठेवलेल्या दुसऱ्या खुर्चीवर, त्याच्या शेजारी येऊन बसली.

“आता विचारा. काय विचारायचं असेल ते.”

तिला वाटलं, तो धोक्याचं विचारेल, औषधांचं, प्रेमाने कामाला जावं का, गावी पाठवावी का. ती उत्तरं मनात लावून बसली.

“ती मुलगी,” बाळा म्हणाला. “तुम्ही बघितली होती का?”

“नाही. प्रेमा माझ्याकडे आली ती नंतर.”

“मी बघितली. सिस्टरने हातात दिली होती. प्रेमा तुमच्याकडे आत होती. आई म्हणाली, तिला दाखवू नको आणि काही सांगूही नको, मनात धरून बसेल. ती शुद्धीवर आली तोवर आम्ही सगळं उरकून आलो होतो. तिने कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. कोणालाच नाही.”

टेबलावरचा फोन वाजला, तळघरातूनच असणार. गंधालीने तो न बघताच बंद केला.

“कशी होती?”

बाळाने उजवा तळहात थोडा उचलून धरला, वजन घेतल्यासारखा. “केस भरपूर होते. ओले. कपाळावर चिकटलेले.”

तेव्हा गंधालीला त्याच्या खांद्यावरून दार दिसलं. प्रेमा वरून परत आली होती. एक पाय आत, एक बाहेर, हात चौकटीवर, अशी ती उभी होती. बाळाची तिच्याकडे पाठ होती. प्रेमाने गंधालीकडे बघितलं. ती हलली नाही.

गंधालीने नजर परत बाळाकडे वळवली.

“अजून सांगा,” ती म्हणाली.