वेरा मेचा नारळाचा केक

डोळे मिटा बरं, पोरांनो. चर्चच्या तळघरातला हॉल डोळ्यांपुढे आणा. लांब टेबलावर केकच केक, आणि पहिल्याच खुर्चीत पायावर पाय टाकून एक माणूस बसलाय. त्याला नीट बघून ठेवा.

तो क्रचफिल्ड, आमच्या गावातल्या कोंबड्यांच्या कारखान्याचा मॅनेजर. पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवणारी निवडणूक मंगळवारी होती. कारखान्याने आपल्या पसंतीच्या उमेदवारावर पैसा ओतला होता. टीव्ही लावला की त्याचंच तोंड. त्याच्या विरोधात लव्हॉन टॅकेट उभी होती. पूर्वी तीही त्याच कारखान्यात कोंबड्या कापायची. तिच्याकडे होते फक्त आमचे केक. त्यांच्या लिलावातून रेडिओवरच्या जाहिरातीचे पैसे निघाले नाहीत, तर तिचा आवाज कुणाच्या कानीच पडणार नव्हता.

क्रचफिल्डला केक नको होता. बोलीसाठी आपल्या कामगारांपैकी कोणाचा हात वर होतो, तेवढं टिपायला तो आला होता.

"नारळाचा केक! दहा डॉलर कोण म्हणतंय?" गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारे डबकाका ओरडले.

एकही हात हलला नाही.

"सगळ्यांचे खांदे आखडलेत की काय?" क्रचफिल्ड हसला. "ऑडी, तू तरी बोल. हां, विसरलोच! तुला आता पगार कुठाय?"

ऑडी म्हणजे त्याच्या शेजारीच बसलेल्या वेरा मे या पोरीचा बाप. 'कोंबड्यांचा पट्टा जरा हळू चालवा, माणसांची बोटं कापली जातायत,' असं तो म्हणाला, त्याच दिवशी क्रचफिल्डने त्याला काढून टाकलं होतं. ऑडीने मान खाली घातली.

नऊ वर्षांच्या वेरा मेचे कान लाल झाले. "डॅडी, तो केक मी त्याच्या थोबाडावर मारू?"

"नको. मग सगळे त्याचीच कीव करतील."

"मग हात वर करते. मला कुठून काढणार आहे तो?" आणि ती ओरडलीच, "दहा!"

मागच्या रांगेतल्या एका बाईने आपल्या लेकाला कोपराने ढोसलं. "पंधरा!" तो किंचाळला. मग हॉलभर चिमुकले हात. आईबाप मात्र छताकडे बघत बसलेले.

"हा काय पोरखेळ लावलाय?" क्रचफिल्ड उसळला.

"बोली लावायची असेल तर हात वर करा, साहेब," डबकाका म्हणाले. "नसेल तर मध्ये बडबड नको."

सगळे हसले. थेट त्याच्या तोंडावर हसले.

वेरा मेच्या कानाशी कुणीतरी कुजबुजलं, "वाढव गं, आम्ही भरतो." तिने वाढवलं. केक तिचा झाला. बाकीचेही असेच भराभर गेले, आणि लव्हॉनची जाहिरात पक्की झाली.

आमच्याकडे जो केक जिंकतो, तोच तो कापून हॉलभर वाटतो. परक्यालाही वगळत नाहीत. वेरा मेने सगळ्यांना वाटला आणि शेवटचा जाडजूड तुकडा घेऊन ती पहिल्या खुर्चीपाशी आली. क्रचफिल्डने सवयीने बशी पुढे केली.

वेरा मेने त्या बशीकडे पाहिलं. मग तिथेच, त्याच्यासमोर उभी राहून, तिने तो तुकडा अगदी सावकाश स्वतः खाल्ला.